तीन पाळ्यांची शर्यत

फ्रान्समधल्या ले मान्स गावी दरवर्षी जूनमध्ये मोटारींची एक शर्यत होते. शनिवारी दुपारी चारला सुटलेल्या गाड्या रविवारी दुपारी चारपर्यंत धावत राहतात. एका फेरीचं अंतर १३.६२६ किलोमीटर असतं, आणि त्यातला बराचसा रस्ता एरवी लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याचा असतो. एका गाडीला तीन चालक मिळतात. एकानं उतरायचं, दुसऱ्यानं बसायचं, तिसऱ्यानं तेवढ्यात डोळा लावून घ्यायचा. टायर बदलतात, टाकी पुन्हा पुन्हा भरली जाते, ब्रेकची झीज बघितली जाते, पण गाडी तीच राहते. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, माणसं बदलतात आणि मशीन चालू राहतं, ही इथल्या तीन पिढ्यांची दिनचर्या आहे. चोवीस तासांत वेग एकदा दाखवून भागत नाही, तो टिकवावा लागतो. म्हणून ही शर्यत जिंकणाऱ्या कंपनीला तिचं मोल पुढे वर्षानुवर्षं मिळत राहतं.

या शर्यतीशी आपल्या पट्ट्याचं नातं वाटतं त्यापेक्षा जवळचं आहे. २०२५पर्यंत ती ९३ वेळा झाली. त्यांतल्या १९ पोर्शेनं, १३ ऑडीनं आणि ६ बेंटलीनं जिंकल्या. ही तिन्ही नावं आज ज्या फोक्सवॅगन समूहात आहेत, त्याचा कारखाना चाकणला २००९पासून उभा आहे. चाकणलाच मर्सिडीज-बेंझचाही कारखाना आहे. तिच्या नावावर १९५२ आणि १९८९चे विजय आहेत, त्यातला दुसरा झाउबर या स्विस संघाच्या साथीनं मिळवलेला. आणखी ७ विजय जॅग्वारचे, आणि जॅग्वार २००८पासून टाटा मोटर्सची आहे. बेरीज केली तर ४७ होते. जगातल्या सर्वांत मोठ्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीतले निम्म्याहून जास्त विजय अशा नावांचे आहेत, ज्यांच्या मालक कंपन्या पिंपरी ते चाकण या एका पट्ट्यात गाड्या बनवतात. यांतली जॅग्वार एकटीच भारतीय मालकाची. तिचा शेवटचा विजय १९९०चा. ती पुन्हा जिंकेल का, हा प्रश्न इंग्लंडमधले तिचे चाहते नेहमी विचारतात. तो पिंपरीतही विचारला जायला हवा, कारण उत्तराचा बराचसा भाग इथे आहे असं मला वाटतं. ती पुन्हा जिंकू शकते, पण आज ज्या बॅटरीच्या वाटेनं निघाली आहे त्या वाटेनं नाही. तिची वाट हायड्रोजनकडून जाते, आणि हायड्रोजनवरचं टाटा समूहाचं रस्त्यापर्यंत पोहोचलेलं काम इथल्या ट्रक-बसवाल्यांनी केलेलं आहे.

जॅग्वार पूर्वी का जिंकली, हे आधी नीट पाहू. १९५१मध्ये पीटर वॉकर आणि पीटर व्हाइटहेड यांनी सी-टाइप ही गाडी पहिल्या क्रमांकानं आणली, तेव्हा तिचं इंजिन कंपनीच्या विक्रीच्या गाडीतूनच घेतलेलं होतं. १९५३चा विजय मात्र ब्रेकमुळे आठवणीत राहिला. बाकीच्यांच्या गाड्यांना ड्रम ब्रेक होते. लांबलचक सरळ रस्त्यावरून वळणापाशी येताना ते तापत आणि काही तासांनी धरेनासे होत. जॅग्वारनं डनलॉप कंपनीचे डिस्क ब्रेक बसवले. ही कल्पना आधी विमानांच्या चाकांवर रुजली होती. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन वळणाच्या बरंच जवळ जाऊन ब्रेक दाबू शकत होते, आणि पहाटेही ते ब्रेक तसेच धरत होते. त्या वर्षी विजेत्या गाडीचा सरासरी वेग पहिल्यांदाच ताशी १०० मैलांवर गेला. आज साध्या दुचाकीच्या पुढच्या चाकालाही डिस्क ब्रेक असतो, त्याची प्रतिष्ठा तिथून सुरू झाली. जॅग्वारनं शर्यतीत नेलेली वस्तू मुळात मोटारीच्या जगातली नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो आहे. जड, जोखमीच्या यंत्रावर घासून पारखलेली वस्तू तिनं उचलली. पुढे ट्रकचा विषय निघेल तेव्हा हे लक्षात असू द्यावं.

१९५५चा विजय आनंदाचा नव्हता. त्या शर्यतीत मर्सिडीजची एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ८०हून जास्त माणसं मेली. मोटार शर्यतींच्या इतिहासातला तो सर्वांत वाईट दिवस. १९५६ आणि १९५७ साली जॅग्वारच्याच डी-टाइप जिंकल्या, पण त्या चालवल्या एकुरी एकोस या खासगी स्कॉटिश संघानं. १९५७मध्ये तर पहिले चारही क्रमांक डी-टाइपचे होते. मग तीस वर्षांची पोकळी. मग कंपनीनं टॉम वॉकिन्शॉ यांच्या संघाकडे काम सोपवलं आणि १९८८मध्ये सलग सात वर्षं जिंकत आलेल्या पोर्शेला हरवलं. इंजिन बारा सिलिंडरचं, सात लिटरचं, रस्त्यावरच्या जॅग्वारच्याच इंजिनाच्या घराण्यातलं. शेवटच्या टप्प्यात गिअरबॉक्स दगा देणार हे चालक यान लॅमर्सच्या ध्यानात आलं. मग त्यानं गिअर बदलणंच सोडलं आणि चौथ्यावरच गाडी शेवटपर्यंत आणली. ३९४ फेऱ्या झाल्या, आणि दुसरी आलेली पोर्शे त्याच फेरीत मागे होती. लॅमर्सनं तिथे जे केलं ते इथला कोणताही जुना मेंटेनन्सवाला ओळखेल: यंत्राचा आवाज ऐकायचा आणि त्याच्याकडून झेपेल तेवढंच मागायचं.

या सातही विजयांत एक गोष्ट सारखी आहे. शर्यतीतली गाडी आणि दुकानातली गाडी एकाच कुळातल्या होत्या, आणि जिंकण्यानं दुकानातली गाडी खपत होती. ही साखळी तुटली की पैसा असूनही उपयोग होत नाही, याचा पुरावा जॅग्वारच्याच घरात आहे. १९८९मध्ये फोर्डनं कंपनी विकत घेतली. २०००मध्ये दुसऱ्याचा तयार संघ घेऊन त्यावर जॅग्वारचं नाव रंगवलं आणि फॉर्म्युला वनमध्ये उतरवला. इंजिन जॅग्वारचं नव्हतं, विक्रीच्या गाडीशी नातं नव्हतं, वरचे अधिकारी सतत बदलत होते. पाच हंगामांत एकही शर्यत जिंकता आली नाही, आणि २००४च्या अखेरीस तो संघ रेड बुलला विकला गेला. पुढे तिथूनच रेड बुलचा विश्वविजेता संघ घडला. म्हणजे माणसं आणि कारखाना कामाचे होते, मालकाला ते कशासाठी चालवायचे हे ठाऊक नव्हतं.

टाटांनी २००८मध्ये जॅग्वार आणि लँड रोव्हर मिळून २.३ अब्ज डॉलरला घेतल्या. २०११पासून चिखलीच्या कारखान्यात लँड रोव्हरची जुळणी सुरू झाली आणि २०१३पासून जॅग्वार एक्सएफचीही. २०१६मध्ये जॅग्वार विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत उतरली. मिच इव्हान्सनं २०१९मध्ये रोमला पहिला विजय मिळवून दिला. पुढे टाटांच्याच टीसीएसचं नाव संघाला जोडलं गेलं आणि २०२३-२४च्या हंगामात संघांचं विजेतेपद जॅग्वारकडे आलं. हे यश खरं आहे. तिथे सगळ्यांची बॅटरी सारखी असते, म्हणून ब्रेक दाबताना किती वीज परत मिळवली आणि ती कुठे खर्च केली, यावर निकाल ठरतो. शिवाय २०२१मध्येच कंपनीनं जाहीर केलं होतं की जॅग्वार यापुढे पूर्णपणे विजेची होणार. तेव्हा साहजिकच कुणी म्हणेल, की हाच संघ उद्या विजेची गाडी घेऊन ले मान्सला जाईल.

हिशेब मांडला की हे का जमत नाही ते कळतं. ले मान्सच्या वरच्या वर्गातली गाडी एकदा टाकी भरून बारा-तेरा फेऱ्या करते, म्हणजे साधारण पाऊण तास पळते. तेवढ्या वेळात चाकांपर्यंत किती ऊर्जा पोहोचू द्यायची हे नियमच ठरवतात, आणि तो आकडा ९०० मेगाज्यूलच्या आसपास असतो. विजेच्या बिलाच्या भाषेत हे २५० युनिट झाले. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराला जी वीज अडीच महिने पुरेल, ती ही गाडी पाऊण तासात संपवते. आजच्या शर्यतीच्या बॅटरीत एक युनिट साठवायला सहा किलोच्या आसपास वजन लागतं. म्हणजे बॅटरी झाली दीड टनाची. नियमानुसार अख्ख्या गाडीचं किमान वजन १०३० किलो आहे. फॉर्म्युला ईच्या गाडीला संपूर्ण शर्यतीसाठी वापरता येतात ते ३८.५ युनिट, आणि तिथे २०२५पासून आलेल्या ६०० किलोवॉटच्या जलद चार्जिंगमध्ये तीस सेकंदांत मिळतात जेमतेम चार. त्या वेगानं २५० युनिट भरायला अर्धा तास लागेल. पाऊण तास धावा आणि अर्धा तास उभे राहा, अशी शर्यत कुणी जिंकत नसतं. चार्ज करण्यापेक्षा बॅटरीच बदलावी असा उपाय सुचवला जातो. त्यानं वेळ वाचेल, पण दीड टनाचं ओझं प्रत्येक वळणावर टायरवर आणि ब्रेकवर तसंच राहील. बॅटरी पुढच्या दहा वर्षांत दुप्पट हलकी झाली तरी ती आजच्या सगळ्या गाडीच्या तीन चतुर्थांश वजनाची असेल.

दुसरी वाट तयार आहे, आणि अनेकांनी ती धरली आहे. नियमांमुळे आता कंपनीला गाडी मुळापासून घडवावी लागत नाही. दालारा, ओरेका, लिजिए, मल्टिमॅटिक या चौघांपैकी एकाकडून सांगाडा घ्यायचा, सगळ्यांना सारखी असलेली हायब्रिड यंत्रणा घ्यायची, आणि इंजिन व बाह्यरूप आपलं द्यायचं. ह्युंदाईच्या जेनेसिसनं ओरेकाचा सांगाडा घेऊन २०२६साठी हेच केलं. फेरारीनं मात्र गाडी स्वतःची बनवली. पन्नास वर्षांनी ती वरच्या वर्गात परतली आणि २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं तिचीच गाडी जिंकली. त्यामुळे परतून येणं अशक्य नाही, हे सिद्ध आहे. मग जॅग्वारनं पेट्रोल-हायब्रिडची गाडी का उतरवू नये? समूहाला पेट्रोलचं वावडं नाही, कारण त्याची डिफेंडर ही गाडी पेट्रोलचं व्ही-एट इंजिन घेऊन २०२६च्या डकार रॅलीत उतरली. पण डिफेंडर त्या इंजिनासह दुकानातही मिळते. जॅग्वारच्या दुकानात यापुढे पेट्रोलची गाडी असणारच नाही. पेट्रोलच्या गाडीनं ले मान्स जिंकून विजेची गाडी विकायची, तर फॉर्म्युला वनमध्ये फोर्डनं केलेली चूकच पुन्हा होईल. करंडक मिळेलही, पण त्यावर उभं काही राहणार नाही. एका वाईट वर्षात संचालक मंडळ तो खर्च सर्वांत आधी कापेल.

उरते ती तिसरी वाट. फ्यूएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज तयार होते. म्हणजे ती गाडी विजेचीच असते, फक्त तिची वीज टाकीतून येते. फॉर्म्युला ईमध्ये जॅग्वार जे शिकली, ती मोटर, तिचं नियंत्रण, ऊर्जेचा हिशेब, ते सारं इथे कामाला येतं, आणि पूर्ण विजेचं नाव लावणाऱ्या कंपनीला ते शोभतंही. वरचाच हिशेब लावला तर फ्यूएल सेल निम्मी ऊर्जा वापरात आणते असं धरून पाऊण तासाला पंधरा किलोच्या आसपास हायड्रोजन लागतो. टाकी धरूनही हे वजन दीड टनाच्या जवळपास जात नाही. ले मान्सचे संयोजक हायड्रोजनच्या वर्गाची तयारी २०१८पासून प्रात्यक्षिक गाडी पळवून करत आहेत. टोयोटानं २०२१मध्ये हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाची कोरोला जपानमधल्या फुजीच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवून शेवटपर्यंत नेली, आणि २०२३मध्ये तिथेच द्रवरूप हायड्रोजन वापरला.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की हायड्रोजनचं गाजर वर्षानुवर्षं दाखवलं जातं आहे. ले मान्समधल्या या वर्गाची तारीख एकापेक्षा अधिक वेळा पुढे ढकलली गेली, हे खरं आहे. द्रवरूप हायड्रोजनचा पंप लवकर झिजतो, आणि टोयोटाला तो शर्यत चालू असताना बदलावा लागला. फ्यूएल सेल ऐंशी अंशांच्या आसपास काम करते, म्हणून तिची उष्णता बाहेर टाकायला मोठे रेडिएटर लागतात, आणि ते हवेला अडवतात. मी या अडचणी छोट्या मानत नाही. पण त्या नेमक्या कोणत्या यंत्राच्या अडचणी आहेत ते बघा. साध्या मोटारीला महामार्गावर एका वेगानं जायला थोडीच ताकद लागते. पूर्ण ताकद ती क्वचित आणि क्षणभर मागते. भरलेला ट्रक बोरघाट चढताना मात्र पूर्ण ताकद मागतो आणि ती सलग मागत राहतो. शर्यतीची गाडीही तेच करते. उष्णता सलग बाहेर टाकायची, हायड्रोजन भराभर आणि किलोंच्या हिशेबात भरायचा, पंप आणि झडपा हजारो तास टिकवायच्या, हे प्रश्न सर्वांत आधी ट्रक आणि बसवाल्यांपुढे येतात.

आणि इथे पिंपरी आहे. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या अभियांत्रिकी संशोधन केंद्रात २०२३मध्ये हायड्रोजन इंजिनाच्या चाचणीची सोय आणि हायड्रोजन साठवण्या-भरण्याची व्यवस्था उभी राहिली. त्याच वर्षी कंपनीनं इंडियन ऑइलला फ्यूएल सेलच्या बस दिल्या. मार्च २०२५मध्ये हायड्रोजनवरच्या सोळा अवजड वाहनांच्या रस्त्यावरच्या चाचण्या सुरू झाल्या. त्यांत हायड्रोजन जाळणारं इंजिनही आहे आणि फ्यूएल सेलही, आणि ठरवलेल्या मार्गांत मुंबई-पुणे आहे. इंग्लंडमध्येही डिफेंडरचा एक फ्यूएल सेल नमुना २०२१मध्ये जाहीर झाला होता, पण रोजच्या भाराखाली घासून बघायचं काम इकडे चाललं आहे. ट्रकमधलं ज्ञान शर्यतीच्या नाजूक गाडीत कसं जाईल, असं विचारणाऱ्याला १९५३चे ब्रेक दाखवावेत. ते विमानातून आले होते. ऑडीनं २००६मध्ये डिझेलवर ले मान्स जिंकली, तोपर्यंत डिझेल म्हणजे ट्रक आणि टॅक्सी असं आपल्याकडे बरेच लोक समजत होते. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९८६मध्ये ४०७ आणली, तेव्हा टोयोटा, मित्सुबिशी, माझदा, निसान या चौघांशी करार केलेल्या भारतीय कंपन्या हलक्या ट्रकच्या बाजारात उतरल्या होत्या. त्यांच्यासमोर ४०७ टिकली. आपल्या रस्त्यांवर, आपल्या भारानं, दिवसरात्र टिकेल असं यंत्र बनवणं हे पिंपरीचं जुनं कसब आहे, आणि चोवीस तासांची शर्यत तेच मागते.

माझ्या म्हणण्यातली सर्वांत कच्ची जागा मात्र तंत्रात नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये टाटा मोटर्सची विभागणी झाली. ट्रक आणि बस एका कंपनीत गेल्या, प्रवासी गाड्या आणि जॅग्वार-लँड रोव्हर दुसरीत. ज्या हायड्रोजनच्या कामाबद्दल मी बोलतो आहे ते पहिल्या कंपनीत राहिलं, ज्या नावाला त्याची गरज आहे ते दुसरीत. दोघींचे भागधारक हळूहळू वेगळे होतील, हिशेब वेगळे होतील, आणि एकीनं दुसरीला फुकट काही देणं कायद्यालाही मान्य होणार नाही. तरी हे काम करारानं होऊ शकतं, कारण दोघींचे प्रवर्तक टाटा सन्सच आहेत, आणि टीसीएसचं नाव जॅग्वारच्या गाडीवर आलं ते अशाच वेगळ्या कंपन्यांमधल्या व्यवहारातून. फक्त आता ते आपोआप होणार नाही. कुणीतरी वर बसून दोन्ही खोल्यांची दारं उघडावी लागतील. विभागणी झाली त्याच्या महिनाभर आधी सायबर हल्ल्यानं जॅग्वार-लँड रोव्हरचे कारखाने बंद पडले होते, आणि ते कित्येक आठवडे थांबले. अशा वर्षात शर्यतीचं नाव काढणं सोपं नाही, हे मी जाणतो.

पण याच पट्ट्यात दुसरं उदाहरण आहे. चाकणला जिच्या छोट्या मोटारसायकली बनतात, ती ऑस्ट्रियाची केटीएम २००१पासून २०१९पर्यंत डकार रॅली सलग अठरा वेळा जिंकली होती. नोव्हेंबर २०२४मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दोन महिन्यांनी, देणेकरी दाराशी असताना, डॅनियल सँडर्सनं तिला पुन्हा डकार जिंकून दिली. मग आकुर्डीच्या बजाज ऑटोनं ८० कोटी युरोंची सोय केली आणि वर्षअखेरीस कंपनीचा ताबा घेतला. त्या पडझडीतही डकारचा संघ मोडला नाही, कारण डकार आणि दुकानातली केटीएम यांच्यातली साखळी शाबूत होती. जॅग्वारची ती साखळी आज तुटलेली आहे. ती फ्यूएल सेलनं जोडता येईल असं मला वाटतं, पण त्यासाठी दुकानात आधी तशी गाडी आणण्याची इच्छा हवी, आणि नियमांची तारीख ठरेपर्यंत थांबण्याची तयारी हवी. फेरारीनं २०२१च्या फेब्रुवारीत परतण्याची घोषणा केली आणि २०२३च्या जूनमध्ये ती जिंकली. टोयोटा पहिल्यांदा १९८५मध्ये ले मान्सला गेली. २०१६मध्ये पुढे असताना शेवटच्या काही मिनिटांत तिची गाडी बंद पडली. तिचा पहिला विजय आला तो २०१८मध्ये, विसाव्या प्रयत्नात.